बटण कुठून दाबले?

कॅनडातल्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षणानंतरचा वर्क परमिट, मिळू शकतो: 8 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंतचा, आयुष्यात एकदाच. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यापासून 180 दिवसांत अर्ज करायचा. तो तिथे राहून करा किंवा घरी येऊन, नियमाला दोन्ही चालते. खरी गोम पुढे आहे. स्टडी परमिट संपण्याआधी तिथूनच अर्ज करणारा निकाल लागेपर्यंत पूर्णवेळ नोकरी करू शकतो. नाशिकला परतून तोच अर्ज तेवढीच फी भरून करणाऱ्याला मात्र मंजुरीशिवाय काम करता येत नाही. दोघांची पदवी एकच, पण कचेरीतली दिरंगाई एकाला जाणवतही नाही आणि दुसऱ्याचा पगार बुडवते.

यावर सांगितले जाते की नुकसान काहीच नाही. घरी येते ते मंजुरीचे पत्र. प्रत्यक्ष परमिट कॅनडाच्या विमानतळावरचा अधिकारी देतो आणि मुदत तिथून सुरू होते. खरे आहे, पण त्याने परमिटचे दिवस वाचतात, माणसाचे नाहीत. आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज त्याआधीपासूनच चढत असते. कायमच्या वास्तव्यासाठीच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत एकट्या अर्जदाराला वयाची 30 वर्षे पूर्ण होईपर्यंत वयाचे 110 गुण मिळतात, ती पूर्ण झाली की 105, आणि पुढे उतरतीच. शिवाय रुजू कधी होणार हेच सांगता न येणाऱ्या उमेदवारासाठी कोणती कंपनी जागा राखून ठेवेल? सरकारी संकेतस्थळावरचा ‘प्रोसेसिंग टाइम’ बहुतेकदा एवढेच सांगतो की आधीच्या अर्जांपैकी 80 टक्के किती काळात निकाली निघाले. पाचातल्या उरलेल्या एकाने काय समजायचे, ते त्याचे त्याने ठरवावे.

‘मग निघण्याआधीच अर्ज करायचा होता’ हा सल्ला सोपा आहे. पण कॉलेजचा दाखला हाती यायला वेळ लागतो, आणि घरचे आजारपण त्याची वाट पाहत नाही. सुरक्षेची छाननी जरूर व्हावी. मात्र अर्जदाराने स्टडी परमिटच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे 10 वर्षे चालतात, आणि जून 2024 पर्यंत हाच अर्ज कॅनडाच्या सीमेवर दिला तर अधिकारी तिथल्या तिथे निर्णय देऊ शकत असे. म्हणजे बराचसा वेळ तपासणीत नव्हे, रांगेत जातो. परदेशी लोकांची संख्या कमी करायची आहे, हे कॅनडाचे म्हणणे रास्त असेल. तो त्यांचा अधिकारच. त्यासाठी नोव्हेंबर 2024 पासून त्यांनी पीजीडब्ल्यूपीला भाषा-परीक्षेची अट घातली. ती कडक आहे, पण उघड आहे: वाचून विद्यार्थी आपले गणित मांडू शकतो. रांगेच्या लांबीवरून ते मांडता येत नाही. तेव्हा बाहेरून आलेल्या अर्जालाही दिवसांची बंधनकारक मर्यादा हवी, आणि ती उलटली की कॅनडात जाऊन काम सुरू करण्याची तात्पुरती परवानगी. आतल्या अर्जदाराला असा विश्वास पहिल्या दिवसापासून मिळतोच आहे.