जुन्या संगणकाला नवे वाण



घरातला जुना संगणक भंगारात देऊ नका. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पण लिनक्स फुकट मिळते. त्याची वाणे पुष्कळ. नवख्याने लिनक्स मिंट घ्यावे, मांडणी ओळखीची वाटते. मेमरी ४ जीबीहून कमी असल्यास त्यातलाच हलका एक्सएफसीई प्रकार बरा.

नवे वाण आपण आधी एका वाफ्यात पेरून पाहतो ना? तसेच हेही आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन तपासा, मगच बसवा.

बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. सातबारा, पावत्या, फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. बुडालेले पीक पुढच्या हंगामात येते. पुसलेला फोटो येत नाही.