आकाश नाकारण्याचा अधिकार

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशिया आणि युरोपीय देश यांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले आणि हेलसिंकीहून टोकियोला सुमारे साडेनऊ तासांत पोहोचणारे विमान तेरा तास घेऊ लागले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना अटकाव केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांची तीच गत झाली. अशा वेळी इंधनाचा आणि तिकिटांचा हिशेब मोठ्या तत्परतेने मांडला जातो. परंतु विमानाचा मार्ग वाटेतील राष्ट्रांच्या संमतीवर अवलंबून असतो, ही गोष्ट नवी नाही. तिचा सर्वांत बोधप्रद अध्याय आफ्रिकेत घडला आणि त्याचा विसर पडावा हे बरे नव्हे.

लंडन ते जोहान्सबर्ग हे सरळ हवाई अंतर सुमारे ९,०७० किलोमीटर. आज ते अकरा तासांत कापले जाते. मे १९६३ मध्ये आदिस अबाबा येथे स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रे एकत्र आली आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची विमाने आपल्या भूमीवरून उडू द्यायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे १९४४ च्या शिकागो करारातील तत्त्व. तो करार झाला तेव्हा यांपैकी बहुतेक राष्ट्रे पारतंत्र्यात होती. त्यांच्यापाशी आरमार नव्हते, भांडवल नव्हते, सुरक्षा समितीत नकाराधिकार नव्हता. आकाश होते, ते त्यांनी नाकारले.

परिणामी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना खंडाच्या पश्चिमेकडील फुगवट्याला वळसा घालून अटलांटिकवरून जावे लागले. पुढे केप व्हर्द द्वीपसमूहातील साल बेटावर इंधन घेण्याची सोय झाली. (साल म्हणजे पोर्तुगीज भाषेत मीठ, त्या रखरखीत बेटावर दुसरे फारसे काही पिकतही नाही.) या वाटेने अंतर साडेअकरा हजार किलोमीटरांच्या पुढे जाते. सुमारे तीन तासांचा हा भुर्दंड वर्णद्वेषी राजवट खचू लागेपर्यंत, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षे चालू राहिला.

बहिष्काराला भगदाडे होतीच. १९७५ मध्ये केप व्हर्द स्वतंत्र झाले, सालच्या विमानतळाला मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांचे नाव मिळाले, तरी त्याच धावपट्टीवर गोऱ्या राजवटीची विमाने उतरत राहिली. दुष्काळाने गांजलेल्या त्या चिमुकल्या देशाला परकीय चलन हवे होते. त्याच्याकडे बोट दाखवण्यापूर्वी हीथ्रोकडे पाहिले पाहिजे. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने या विमानांना उतरण्यास मनाई केली, ऑस्ट्रेलियाने १९८७ मध्ये त्यांचे अधिकार संपवले. ब्रिटनने तेवढेही केले नाही. शिवाय आकाशबंदी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांपुरती होती. ब्रिटिश विमाने खंडावरून उडतच होती. ज्याला तीन तास वाचवायचे त्याने कंपनी बदलली की पुरे! दरिद्री राष्ट्रांनी घडवलेल्या शस्त्राची धार श्रीमंत राष्ट्रांच्या सोयीने अशी बोथट केली.

वर्णद्वेष केवळ आकाशबंदीने गेला नाही, हे खरेच. तो पाडला खाणींतील संपांनी, १९७६ मध्ये सोवेतोत गोळ्या झेललेल्या शाळकरी मुलांनी आणि १९६० पासून परदेशातून लढा चालवणाऱ्या ऑलिव्हर टॅम्बोंसारख्या निर्वासितांनी. टॅम्बो मायदेशी परतले ते डिसेंबर १९९० मध्ये. जोहान्सबर्गच्या विमानतळाला २००६ पासून त्यांचे नाव आहे.