सत्तावन्न जिंकलं असतं, तर पुढं काय?

आपल्यातल्या अनेकांना इतिहासाची गोडी शाळेच्या पुस्तकातून नाही, गेममधून लागली. 'व्हिक्टोरिया ३'चंच घ्या. खेळ १८३६ साली सुरू होतो, शंभर वर्षं चालतो, आणि आवडेल तो देश हातात घेऊन जग वेगळं घडवता येतं. मग ग्रुपवर नकाशे पडतात: १८५७चा उठाव जिंकलाय आणि पेशावरपासून बंगालपर्यंत सगळं हिरवं झालंय. दुसऱ्या ग्रुपवर तेवढाच भाग भगवा असतो. खाली जयजयकाराच्या कॉमेंट सारख्याच.

या नकाशांत सारा कोण ठरवतो ते दिसत नाही. कोर्टात कायदा कुणाचा, मुलींची शाळा कोण काढणार, तेही नाही. खरं तर गेम हे विचारतो. मत फक्त जमीनदाराला, पैसेवाल्याला की सगळ्यांना? बायकांना की नाही? नकाशे रंगवणारे तो भाग बहुधा घाईघाईत क्लिक करून पुढं जातात.

सत्तावन्नच्या दिल्लीत मात्र हा प्रश्न खरोखर पडला होता. ११ मे रोजी मेरठचे शिपाई शहरात शिरले आणि ऐंशी ओलांडलेल्या बहादूरशहा जफर यांना त्यांनी बादशहा म्हणून पुढं केलं. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर त्यांनी कारभारासाठी एक मंडळ नेमलं, त्याला ते 'कोर्ट' म्हणत. दहा सभासद: पायदळ, घोडदळ आणि तोफखान्याचे दोन-दोन, आणि चार मुलकी. निर्णय बहुमतानं, अध्यक्षाला एक मत जास्त. त्याची उर्दूतली नियमावली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पुढं खटल्यात जफर यांनीही सांगितलं, की सगळ्या गोष्टींचा विचार शिपायांचं कोर्ट करत होतं. त्यांनी हे स्वतःच्या बचावासाठी सांगितलं, हे खरं. तरीही खेड्यापाड्यातून भरती झालेल्या शिपायांनी बादशहाच्या नावाखाली मतदान सुरू करावं, याचं मला कोणत्याही हिरव्या नकाशापेक्षा जास्त नवल वाटतं.

पण त्याचंही देवघर करू नये. दहातले सहा फौजेचे. कारागीर नाही, कसाई नाही, मेहतर नाही, बाई तर नाहीच. त्या वर्षी बकरी ईद ऑगस्टच्या सुरुवातीला आली. गाय कापणाऱ्याला मृत्युदंड, असा हुकूम आधीच निघाला होता. टेकडीवर तळ ठोकलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्या दिवशी शहरात दंगल होईल अशी आशा होती. ती झाली नाही. हिंदू-मुस्लिम एकीचं उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगतात, आणि वेढ्यात सापडलेल्या शहरात तो निर्णय शहाणपणाचाच होता असं मलाही वाटतं. फक्त एवढंच, की ती एकी तोफेच्या धाकानं आली होती. लढाई संपल्यावर, धाक गेल्यावर, ती कशावर टिकली असती? आपल्या कल्पित इतिहासानं उत्तर शोधायचं तर ते याचं.

दुसरा गुंता आपल्या जवळचा. तिकडं नानासाहेबांनी कानपूरजवळ बिठूरला स्वतःला पेशवा म्हणवून घेतलं होतं, आणि त्यांचे सल्लागार होते अझीमुल्ला खान. दिल्लीत बादशहा, बिठूरला पेशवा. दोघं जिंकले असते तर कुणी कुणाला मुजरा करायचा? आणि रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानानं अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा? उर्दूत, की मोडीत?

या सगळ्याला माझ्या मते सर्वांत धाडसी उत्तर त्याच शतकात पुण्यातून आलं. जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. बायको बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. चौघं एका छपराखाली, कुणी कुणाचा हेवा करत नाही. तिथं कुणाच्या हुकमाची गरज पडत नाही. प्रत्येकानं स्वतः वाचून ठरवलेलं आहे, मुलीनंसुद्धा.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून असाच एक कल्पित इतिहास हवा आहे, मराठीत किंवा उर्दूत, हजार शब्दांच्या आत. लढाई रंगवू नका, ती तुम्ही जिंकलेली आहे. गोष्ट जानेवारी १८५८ मध्ये सुरू होते. खजिना रिकामा, शिपायांचे पगार थकलेले, शहजाद्यांची लुडबुड चालू आणि सावकार वैतागलेले. कोर्टाची बैठक भरली आहे. मुलकी सभासद चार आणि फौजी सहा. चौघांपैकी एकानं उठून मागणी केली आहे, की आमच्या जागा वाढवा. तो किंवा ती कोण, आणि बाकीचे नऊ काय म्हणाले, तिथून लिहा.