दाखवावे की झाकावे? भयपटांविषयीच्या एका दंडकाची तपासणी

भयपट आणि भयकादंबऱ्या यांच्या जाणत्या रसिकांमध्ये एक मत इतके रुळले आहे की, त्याला आता दंडकाची प्रतिष्ठा आली आहे : जे दिसत नाही त्याचेच खरे भय वाटते, म्हणून भूत जितके कमी दाखवावे तितकी कलाकृती श्रेष्ठ. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. अॅन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकर्तीच्या मृत्यूनंतर, 1826 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निबंधात मनाला विस्तारणारी धास्ती आणि मनाला गोठवणारी दहशत असा भेद केलेला असून पहिलीचे मूळ अस्पष्टतेत शोधले आहे. रसशास्त्राच्या परिभाषेत हेच असे मांडता येईल की, भयानक रसाचा स्थायी, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा, भाव भय आणि बीभत्साचा जुगुप्सा, अर्थात किळस. राक्षस पडद्यावर उघडा पडला की प्रेक्षक पहिल्यातून दुसऱ्यात घसरतो.

या पक्षाचा हुकमी पुरावा शर्ली जॅक्सन यांच्या 1959 च्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' या कादंबरीच्या दोन चित्ररूपांत सापडतो. रॉबर्ट वाईज यांच्या 1963 च्या चित्रपटात एक बंद दार पलीकडून रेटल्यासारखे हळूहळू आत फुगते, आणि पलीकडे काय होते हे अखेरपर्यंत कळत नाही. 1999 च्या दुसऱ्या रूपांतराने मात्र संगणकाच्या करामतीने वाड्याच्या मालकाचे भूत साक्षात उभे केले आणि नक्षीतली लाकडी मुलेही हलती केली. परिणामी धडकी भरण्याऐवजी करमणूक झाली. परंतु तेवढ्यावरून दाखवण्यालाच दोष देणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे म्हणण्यासारखे आहे.

याच्या नेमका उलट दाखला जॉन कॅम्पबेल यांच्या 1938 च्या 'हू गोज देअर?' या दीर्घकथेच्या चित्ररूपांत मिळतो. बर्फात सापडलेला परग्रहावरचा जीव हवे त्या प्राण्याचे हुबेहूब रूप घेतो, ही त्या कथेतली कल्पना. 1951 च्या चित्रपटाने राक्षस बराचसा अंधारात ठेवला, पण रूप घेण्याची कल्पनाच गाळली. त्यामुळे उरला तो दारामागे दबा धरलेला एक धिप्पाड वैरी. जॉन कार्पेंटर यांनी 1982 च्या 'द थिंग'मध्ये काहीही झाकले नाही. रॉब बॉटिन यांनी घडवलेली फाटणारी, उलगडणारी शरीरे लख्ख उजेडात दिसतात, आणि तरीही भय ओसरत नाही. उलट प्रत्येक दर्शनानंतर ते वाढते, कारण राक्षस कसा दिसतो हे कळूनही तो आता कोणात आहे हे कळलेले नसते. रक्तपरीक्षेच्या प्रसंगात नायक मॅक्रेडी तापलेली तार एकेका सहकाऱ्याच्या रक्तात बुडवतो. सगळ्यांचा संशय गॅरीवर असतो, आणि रक्त उसळते ते पामरचे. त्याआधी मॅक्रेडीच्या गोळीने मेलेला क्लार्क निव्वळ माणूस होता, हेही त्याच परीक्षेत उघड होते. भरताने भयानकाच्या संचारी, म्हणजे येऊनजाऊन असणाऱ्या, भावांत शंकेची गणना केली आहे. अंधाराला भयाचे सर्वस्व मानणाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष दिलेले नाही.

राही अनिल बर्वे यांचा 2018 चा 'तुंबाड' तर आणखी पुढे जातो. त्यातला हस्तर हा राक्षस दिसतो, त्याचे नियमही ठाऊक होतात : पिठाची बाहुली दिली की तो तिच्यावर तुटून पडतो आणि तेवढ्यात त्याच्या मुद्रा लुटायच्या. एका खेपेला जास्त लुटावे म्हणून बापलेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. येथे भय उपजते ते माहीत असलेल्याच नियमातून. त्या क्षणी हस्तर झाकला असता तर प्रसंगच निकालात निघाला असता.

तेव्हा प्रेक्षकाला काय दिसते यापेक्षा दिसल्यानंतर त्याच्यापुढे कोणता प्रश्न उरतो, ही भयकृतीची कसोटी मानली पाहिजे. या कसोटीवर चित्रपटापेक्षा मूळ पुस्तकच सरस, हा रसिकांचा दुसरा आवडता सिद्धांतही डळमळतो. कॅम्पबेल यांची कथा सारे राक्षस हुडकून काढते आणि माणसांचा विजय नोंदवून थांबते; कार्पेंटर यांचा चित्रपट जळत्या तळावर दोन माणसांना समोरासमोर बसवतो आणि त्यांतला एखादा माणूस नसेल काय, याचे उत्तर देत नाही. निदान या एका बाबतीत तरी चित्रपटाने पुस्तकावर मात केली आहे.