शिसे, खिळे आणि गोळी

भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव आज बहुतेकांना मुंबई-नाशिक महामार्गावरचे एक वळण म्हणूनच ठाऊक असते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांची लांबच लांब छपरे आणि त्यांच्या पाठीमागे उरलीसुरली भातखाचरे, असे तेथले आजचे दृश्य आहे. आमच्यापैकी एकाचे हे आजोळ. जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावरून एक लोखंडी वस्तू खाली आली. दोन दांडे, टोकाशी समोरासमोर दोन अर्धगोल खळगे. दांडे मिटले की आत मोठ्या बोराएवढी पोकळी. घरातल्या तरुण मंडळींनी तिला अडकित्ता ठरवले. आजीच्या धाकट्या जाऊबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अडकित्ता कसला रे? साचा तो. गोळ्या ओतायचा."

मग त्यांनीच सांगितले. घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती, भात पोटरीला आले की रानडुकरे राखायला. शिसे मिळे ते फाटक्या पागाच्या जाळ्याच्या मण्यांचे. चुलीवर जुन्या पळीत ते वितळवायचे, साच्यात ओतायचे, गार झाल्यावर कडेचा काटा चाकूने खरवडायचा. साचा पुरता तापलेला नसला की पहिल्या दोनतीन गोळ्यांना सुरकुत्या पडत. त्या पुन्हा पळीत जात. बंदूक कधीच सरकारजमा झाली. साचा तेवढा राहिला आणि त्याच्याबरोबर पाचपंचवीस शब्द एका वृद्ध बाईच्या तोंडी राहिले.

साहित्याच्या पानावर हा प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे थोडक्यात असे: मराठीतील शिकारकथा आपण वाचतो, क्वचित शिकवतो, अनुवादितही करतो, पण शिकारीचे हत्यार मात्र वाचत नाही. त्यामुळे त्या कथांतील माणसांचे परस्परसंबंधच आपल्या दृष्टीतून निसटतात.

आधी हत्यार. गोळी घरी ओतण्याचा हा उद्योग आपल्याकडे संपला असला तरी जगातून संपलेला नाही. अमेरिकेत तो आजही मोठ्या हौसेने केला जातो, आणि तोही विशेषतः मोठ्या नळीच्या 'लिव्हर ॲक्शन' रायफलींसाठी. या रायफलीत चापाभोवतीचे लोखंडी कडे खाली ओढून वर आणले की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि भरलेले आत जाते. १८८६ची विंचेस्टर किंवा १८९५ची मार्लिन यांसारख्या बंदुकांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक निजलेली असतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. ते नाक टोकदार असेल तर धक्क्याने आतल्या आतच बार उडण्याचे भय. म्हणून येथे गोळी बोथट हवी, चपट्या नाकाची हवी.

या बंदुकांत चालणारे '.४५-७०' हे काडतूस १८७३ साली अमेरिकी सैन्यासाठी निघाले. त्याच्या नावातील ७० हा आकडा काळ्या दारूच्या ग्रेनांचा; शिशाची गोळी होती ४०५ ग्रेनांची. आपल्याकडे १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनांचा ठरवून दिला. म्हणजे ही एक गोळी नेमकी सव्वादोन तोळ्यांची भरते. आजचे हौशी कारागीर तर पाचशे ग्रेनांपर्यंतच्या गोळ्या ओततात. निव्वळ शिसे मऊ असते. वेग वाढला की ते नळीच्या आट्यांत चिकटून बसते आणि नेम बिघडतो. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात, आणि गोळीच्या खाचांत मेणाचे वंगण भरतात. इतके करूनही ही गोळी हलक्या, वेगवान गोळीच्या मानाने संथच जाते आणि लवकर खाली झुकते. तिचे सामर्थ्य वेगात नसून वजनात आहे: ती जाते ती खोल, सरळ जाते. पण त्यासाठी शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जावे लागते. दुर्बीण लावून पलीकडच्या डोंगरावरचे जनावर पाडणे या गोळीला साधत नाही.

आता या मिश्रधातूकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे. शिसे, कथील, अँटिमनी: हीच त्रयी छापखान्यातल्या खिळ्यांची. लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. जुने छापखाने मोडीत निघाले तेव्हा तेथील धातू अमेरिकेतल्या या गोळ्या ओतणाऱ्यांनी आवर्जून विकत घेतला, कारण त्यांना हवा असलेला कठीणपणा त्यात आयता होता. आपल्याकडे १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याचे देवनागरी खिळे सुबकपणासाठी नावाजले गेले, तेही याच जातीच्या धातूतून ओतलेले. जुळारी जे खिळे जुळवी ते झिजले की पुन्हा भट्टीत जात; वडप्याच्या चुलीवरची सुरकुतलेली गोळीही पुन्हा पळीत जाई. दोघांच्याही बोटांना तेच शिसे लागे, आणि दोघांच्याही शरीरात तेच विष हळूहळू उतरे.

हे साम्य आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. राज्यकर्त्यांना ते आपल्यापेक्षा नीट कळले होते. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली दोन कायदे झाले: नववा देशी भाषांतील वृत्तपत्रांविरुद्धचा आणि अकरावा शस्त्रांचा. एकाने खिळ्यांच्या शिशावर लगाम घातला, दुसऱ्याने गोळ्यांच्या. पैकी पहिला रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. दुसरा मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि १९५९च्या शस्त्र कायद्याने त्याची जागा घेतली. पहिल्याचा इतिहास आपण पत्रकारितेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिकवतो. दुसऱ्याचा साहित्याशी काही संबंध असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

संबंध आहे, आणि तो शिकारकथेत आहे. १८७८च्या कायद्याखालील नियमांनी युरोपीयांना सूट दिली आणि एतद्देशीयाला परवान्याच्या रांगेत उभे केले. रानात त्याचा परिणाम असा झाला की एका बाजूस कारखान्यातली काडतुसे भराभर झाडणारी रायफल आणि दुसऱ्या बाजूस एकेक बार ठासून भरावी लागणारी, घरी ओतलेल्या गोळीची बंदूक, असे दोन वर्ग पडले. पहिल्याला चुकण्याची मुभा होती. दुसऱ्याला नव्हती, कारण पुन्हा दारू, पुन्हा चिंधी, पुन्हा गोळी, पुन्हा गज, पुन्हा केप इतका सोपस्कार होईपर्यंत जखमी डुक्कर थांबत नाही. केनेथ अँडरसन यांच्या दक्षिण भारतातील शिकारकथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. त्यांची विंचेस्टर .४०५ ही लिव्हर ॲक्शनचीच रायफल. त्याच जातीची रायफल थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली आफ्रिकेत नेली होती. अँडरसनांच्या रानात ज्या गावकऱ्याकडे ठासणीची बंदूक असते, तो त्याच वाघाच्या वाटेवर उभा असूनही निराळ्या कथेतला माणूस असतो. त्याच्या हाती एकच बार आहे, हे ज्या वाचकाला उमगत नाही त्याला तो केवळ भित्रा वाटतो.

कॉर्बेट यांची चंपावतच्या वाघिणीची हकीगत घ्या. १९०७ सालची ती शिकार. जवळची तीन काडतुसे संपली, वाघीण जिवंत, आणि कॉर्बेट धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतात. ती बंदूक कशी, तर तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये फट पडलेली. शेवट त्याच बंदुकीने झाला. ही कथा वर्गात घेताना कॉर्बेट यांचे धैर्य आपण सांगतो, ते सांगावेच. पण एका देशी अंमलदाराच्या हाती अशी फटीची बंदूक का असावी, हा प्रश्न आम्ही तरी कोणत्या वर्गात ऐकलेला नाही.

अनुवादाने या अंधत्वात भरच घातली आहे. इंग्रजीतले बॉल, बुलेट, शॉट, पेलेट, कार्ट्रिज आणि राउंड हे सारे शब्द मराठीत आणताना आपण बहुधा 'गोळी' या एकाच शब्दावर भागवतो. वस्तुतः मराठी या बाबतीत दरिद्री नाही. गोळी वेगळी, छर्रा वेगळा, काडतूस वेगळे, बार वेगळा. बंदुकीच्या कानाशी पेटवायची बारीक दारू ती रंजक. ठासायचा तो गज, आपटणारा तो घोडा, पेटती दोरी तो तोडा. बंदूक गेली, पण तिची क्रियापदे आपल्या बोलण्यात अजून बसून आहेत. आपण मुद्दा ठासून सांगतो, लग्नाचा बार उडवतो, कोणाचा बार फुसका निघतो, आणि भित्रा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. 'ठासून' या शब्दात मुळात काय ठासले जाई, असे पदव्युत्तर वर्गात विचारल्यावर आमच्या समोरच्या बाकांवर शांतता पसरली. तो दोष मुलांचा नाही. आम्हीही ते ओसरीवरच ऐकले.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की, बंदुकीची यंत्रणा ठाऊक नसली म्हणून कथा कळत नाही काय? कळते; पण जाते कधी न पाहिलेल्याला जात्यावरची ओवी जितकी कळते तितकीच. खुंट्याचा जोर आणि हाताची फेरी ज्याने अनुभवली नाही, त्याला ओवीची लय सांगावी लागते. तशीच एका बाराची किंमत सांगावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही तर हत्येची भलामण नव्हे काय? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. नवव्या कलमाची ती आज्ञा आहे, आणि अकराव्या कलमातले अपवाद अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीचे आहेत. दारूगोळा बनवण्यासही शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. त्यात बदल व्हावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. शिशाचा दोष केवळ कायद्याचा नाही. गोळीचे बारीक कण मांसात राहतात आणि उरलेले धड खाणाऱ्या पक्ष्यांना मारतात. कॅलिफोर्नियात तेथील काँडर गिधाडांचे हाल पाहून अखेर १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्याच वर्ज्य झाल्या. घरी ओतलेली गोळी म्हणजे काही पवित्र वस्तू नव्हे.

पण आमचा मुद्दा याच्या उलट आहे. हत्यार न वाचल्यानेच हत्या सोपी वाटू लागते. 'गोळी सुटली आणि वाघ कोसळला' या वाक्यात कोणाचेच काही खर्च होत नाही. जो लेखक गोळीचे वजन, अंतर, नेम आणि चुकल्यावरचे जखमी जनावर या सगळ्यांचा हिशेब मांडतो, तोच वाचकाला मारण्याचे मोल जाणवू देतो. व्यंकटेश माडगूळकर हे स्वतः बंदूक घेऊन रानात हिंडलेले लेखक. पुढे 'नागझिरा'त तोच डोळा फक्त पाहण्यासाठी वापरलेला दिसतो. 'सत्तांतर'मधली वानरांच्या टोळ्यांची हिंसा इतक्या संयमाने लिहिली जाते, तिच्यामागे नेम धरून वाट पाहण्याची जुनी सवय आहे, असे आम्हांस वाटते. शिकारी माडगूळकर बाजूला काढून निसर्गप्रेमी माडगूळकर शिकवणे म्हणजे हा लेखक अर्धाच शिकवणे. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या नोकरीची वर्षे शब्द वेचण्यात घालवली. जून २०२५मध्ये ते गेले. पक्ष्यांचे, झाडांचे शब्द त्यांनी राखले. रानातल्या माणसाच्या हत्यारांचे शब्द राखणारा तसा कोणी दिसत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शिकारकथा अभ्यासक्रमातून वगळू नये, आणि केवळ रंजक म्हणूनही ठेवू नये. जुन्या बंदुकीत कधीकधी रंजक भप्पकन पेटे आणि बार मात्र उडत नसे. आपल्या वर्गातल्या शिकारकथेचे तसेच होत आहे. कथेबरोबर १८७८च्या दोन्ही कायद्यांची ओळख द्यावी. अनुवादकांनी 'गोळी' लिहिण्यापूर्वी मूळ शब्द कोणता आहे ते पाहावे. आणि प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना इंटरनेटकडे धाडण्याऐवजी शहापूर, भिवंडी, वाडा, मुरबाड येथल्या ओसऱ्यांवर धाडावे. भात राखणाऱ्या, हाकारे घालणाऱ्या, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांकडून एका हत्याराचे वीस शब्द, वापरण्याच्या वाक्यासकट, लिहून आणायला सांगावे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. वडप्याच्या त्या घराच्या जागी आता पक्के बांधकाम होईल; मागच्या खाचराला गोदामासाठी मागणी आली आहे. साचा आम्ही मागून घेतला आहे. तो महाविद्यालयाच्या कपाटात ठेवता येईल. आजीच्या जाऊबाईंनी सांगितलेले शब्द आम्ही त्या दिवशी वहीत उतरवले, ते एकोणीस भरले. विसावा त्यांना आठवत होता, पण जिभेवर येईना. पुन्हा याल तेव्हा सांगते, म्हणाल्या.