घाट काशीचा, हिशेब मुंबईचा

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या शेजारी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो त्यांनीच बांधून घेतला. विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० मध्ये उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, त्या परिसरात अहिल्याबाईंचा पुतळा उभारला गेला. त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे बैठक घेतली. काशीतील मराठी पाऊलखुणांचा अभिमान बाळगण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील कोणत्याही दोन पक्षांत मतभेद नाहीत. मात्र त्याच काशीहून महानगरी एक्स्प्रेसने मुंबईत येऊन उतरणाऱ्या माणसाविषयी पक्षाचे धोरण काय, असे विचारले की एकाच पक्षाच्या दोन नेत्यांकडून दोन उत्तरे मिळतात. हे केवळ प्रादेशिक पक्षांचे दुखणे नाही. राष्ट्रीय म्हणवणारे पक्षही त्यातून सुटलेले नाहीत.

शिवसेनेचा इतिहास या दुविधेचा सर्वांत ठळक दाखला आहे. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या या पक्षाचा पहिला रोख दाक्षिणात्यांवर होता. ऐंशीच्या दशकात हिंदुत्वाचा अंगीकार केल्यावर पक्षाला मराठीपणाच्या पलीकडचा मतदार दिसू लागला. १९९३ मध्ये ‘दोपहर का सामना’ हे हिंदी सायंदैनिक निघाले, आणि त्याचे संपादक संजय निरुपम १९९६ मध्ये राज्यसभेत पोहोचले. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ‘मी मुंबईकर’ मोहिमेतून मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला आपले म्हणण्याचा प्रयत्न झाला. परंतु नोव्हेंबर २००३ मध्ये कल्याण येथे रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. ती करणारी विद्यार्थी सेना राज ठाकरे यांच्या प्रभावाखालील होती. एका हाताने निमंत्रण आणि दुसऱ्या हाताने मार, असा हा प्रकार होता. मे २००४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतील सहापैकी पाच जागा युतीने गमावल्या. त्याची कारणे अनेक होती. तरी पक्षातील दोन्ही बाजूंनी त्या पराभवातून आपापल्या सोयीचा धडा घेतला. निरुपम २००५ मध्ये काँग्रेसमध्ये गेले, राज ठाकरे यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पक्ष सोडला आणि ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली.

पुढे २००८ मध्ये नव्या पक्षाने जुन्याच पक्षाचा मूळ कार्यक्रम अधिक आक्रमकपणे हाती घेतला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मनसेचे १३ आमदार निवडून आले. त्याआधी लोकसभेत मुंबईतील सहाही जागा काँग्रेस आघाडीने जिंकल्या होत्या. म्हणजे परप्रांतीयविरोधाचा लाभ त्याच्या उद्गात्याइतकाच त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही झाला. मराठी मतांची विभागणी झाली की गणित बदलते, हे तेव्हापासून सर्वच पक्षांचे रणनीतिकार गृहीत धरतात. २ डिसेंबर २०१८ रोजी राज ठाकरे यांनी कांदिवलीत उत्तर भारतीयांच्या मेळाव्यात हिंदीतून भाषण केले. २०२२ मध्ये त्यांनी अयोध्या दौरा जाहीर केला, तेव्हा भाजपचे तत्कालीन खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी आधी माफीची मागणी केली आणि दौरा लांबणीवर पडला. मुंबईत पेरलेल्या शब्दांचे पीक शरयूकाठी कापावे लागते, हा त्या प्रसंगाचा अर्थ.

काँग्रेसची गोष्ट वेगळी नाही, फक्त अधिक सौम्य भाषेत घडलेली आहे. जानेवारी २०१० मध्ये अशोक चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य आणि मराठीचे ज्ञान आवश्यक ठरवले. दिल्लीत नाराजी उमटताच मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी मराठीसह हिंदी आणि गुजरातीही चालेल, असा खुलासा केला. पुढच्या महिन्यात राहुल गांधी यांनी बिहारमध्ये मुंबईवरील हल्ल्यात लढलेल्या उत्तर भारतीय कमांडोंची आठवण करून दिली आणि लगोलग मुंबईच्या लोकलमधून प्रवास केला. तेच राहुल गांधी नोव्हेंबर २०११ मध्ये फुलपूरच्या सभेत, महाराष्ट्रात जाऊन भीक किती दिवस मागणार, अशा आशयाचा सवाल उत्तर प्रदेशातील तरुणांना करते झाले. एकाच नेत्याच्या दोन भाषणांत स्थलांतरित एकदा शूर ठरतो आणि एकदा याचक. तो कामगार आहे, भाडेकरू आहे, करदाता आहे, याची दखल दोन्ही भाषणांत नव्हती.

भाजपला आजवर ही दुविधा झाकून ठेवता आली, कारण उत्तर भारतीय मतदार हिंदुत्वाच्या छत्राखाली येतो आणि मराठी मतदार मित्रपक्षाकडून मिळतो, अशी तिथली श्रमविभागणी होती. २०२५ मध्ये ती उघडी पडली. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली, जूनमध्ये त्यात शब्दांचा फेरफार झाला आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. ५ जुलै रोजी वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. त्यानंतर झारखंडमधील भाजपचे खासदार निशिकांत दुबे यांनी मराठी माणसाविषयी केलेल्या प्रक्षोभक वक्तव्यापासून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना अंतर राखावे लागले. त्याच पक्षात २०२१ मध्ये आलेले कृपाशंकर सिंह हे पूर्वी मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांनी भाजपतर्फे जौनपूरमधून लोकसभा लढवली आणि पराभूत झाले. निरुपम शिवसेनेतून काँग्रेसमध्ये आणि २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत आले. म्हणजे नेते पक्ष बदलतात, पण ‘उत्तर भारतीय चेहरा’ ही त्यांची नेमणूक बदलत नाही. ज्या समाजाचे प्रतिनिधित्व चेहऱ्याने भागवले जाते, त्याच्या प्रश्नांवर धोरण आखण्याची गरज पक्षांना वाटत नाही.

हा आजार केवळ भारतातला नाही. अमेरिकेत २०१२ ची अध्यक्षीय निवडणूक हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने मार्च २०१३ मध्ये स्वतःची चिकित्सा करणारा अहवाल काढला. लॅटिन अमेरिकी वंशाच्या मतदारांना जवळ करायचे तर स्थलांतरविषयक कायद्यात व्यापक सुधारणा स्वीकारली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. जूनमध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी तसे विधेयक संमत केले. बाजूने मत देणाऱ्यांत १४ रिपब्लिकन होते. परंतु त्याच पक्षाचे बहुमत असलेल्या प्रतिनिधीगृहाने ते मतदानाला येऊच दिले नाही. पुढे डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमका उलटा मार्ग धरला, आणि तरीही २०२४ मध्ये मतदानोत्तर पाहणीनुसार या मतदारांपैकी जवळपास निम्म्यांनी त्यांना पसंती दिली. स्थलांतरित समाज हा एक गठ्ठा नसतो, हाच त्याचा बोध. महागाई, रोजगार, धर्म आणि आधी येऊन स्थिरावलेल्यांची नव्याने येणाऱ्यांविषयीची नाराजी यांनीही त्याचे मत ठरते. मुंबईतही जौनपूरचा ब्राह्मण, आझमगढचा मुसलमान आणि पूर्वांचलातील दलित एका मेळाव्यात बसवता येतात, पण एका यादीत बसवता येत नाहीत. जनगणनासुद्धा भोजपुरी भाषकाला हिंदीच्या रकान्यात टाकते. २०११ मध्ये मुंबईत हिंदी मातृभाषा नोंदवणारे सुमारे ३६ लाख आणि मराठी नोंदवणारे सुमारे ४४ लाख होते. राजकारण या दोन आकड्यांवर चालते, त्यांच्या आतल्या माणसांवर नव्हे.

जानेवारी २०२६ च्या मुंबई महापालिका निवडणुकीतही हेच दिसले. २२७ जागांपैकी भाजपला ८९, शिंदे यांच्या शिवसेनेला २९, उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला ६५ आणि मनसेला ६ जागा मिळाल्या. मराठी अस्मितेची हाक मराठी वस्त्यांत ऐकली गेली, पण सत्तेसाठी ती अपुरी पडली. उलट बाजूला मिळालेली सत्ताही भाषेच्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही.

मग उत्तर कुठे आहे? राज्यघटनेने त्याचा आराखडा दिलेला आहे. अनुच्छेद १९ नुसार नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा अधिकार आहे. अनुच्छेद १६ नुसार सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा वास्तव्याच्या आधारे भेदभाव करता येत नाही, आणि वास्तव्याची अट घालायचीच तर तो अधिकार फक्त संसदेला आहे. उद्योगांत ८० टक्के स्थानिक असावेत, हा महाराष्ट्राचा १७ नोव्हेंबर २००८ चा शासन निर्णय शासकीय अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. त्याची अंमलबजावणी किती होते, हेही ठाऊक आहे. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. तो कागदावर राहिला, याची कबुली २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यांवरून चालणाऱ्या माणसांनी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत स्वतःहून आलेल्या स्थलांतरितालाही व्याख्येत घेतले आहे. त्या तरतुदीवर कोणत्या पक्षाने मेळावा घेतला?

मताचा प्रश्न तर याहून मूलभूत आहे. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि विषय तिथेच थांबला. २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयादीच्या पडताळणीत कायमचे स्थलांतर किंवा पत्त्यावर न सापडणे या कारणांसाठी सुमारे ३६ लाख नावे मसुद्यातून वगळली गेली. ज्याचे नाव गावात राहिले नाही आणि शहरात लागले नाही, त्याला सर्व पक्ष मतपेढी म्हणतात, पण त्याच्याकडे मतच नसते.

या चर्चेत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला विशेष स्थान आहे. वाराणसीत १८८३ मध्ये एका मराठी कुटुंबात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेची भाषा त्यांनी घडवली. काशीतील पत्रकारांचे भवन आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. घरात मराठी आणि व्यवसायात हिंदी, असा हा साधा व्यवहार होता. काशीने त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागितले नाही, आणि काशीची भाषा शिकायला त्यांनीही नकार दिला नाही. स्थानिक भाषेचा आग्रह आणि स्थलांतरिताचा सन्मान या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, हा समज पक्षांच्या सोयीचा आहे. परवानाधारकाला मराठी शिकवण्याचे वर्ग महापालिकेच्या शाळांत संध्याकाळी चालवता येतात. त्यासाठी मारहाणही लागत नाही आणि खुलासाही.

परंतु त्यासाठी पक्षाला आधी आपल्याच बैठकीत एक उत्तर ठरवावे लागेल. जे दादरच्या सभेत सांगितले तेच जौनपूरच्या सभेत सांगता आले पाहिजे. ज्या दिवशी एखादा पक्ष ते करील, त्या दिवशी त्याला ‘उत्तर भारतीय चेहरा’ शोधावा लागणार नाही. तोवर मेळावे होत राहतील, शासन निर्णय निघत आणि मागे घेतले जात राहतील, आणि त्याची किंमत मोजील ती दोन्हीकडची, आपल्या गावापासून दूर राहून पोट भरणारी माणसे.