विश्लेषण : जुन्या ‘पद्मिनी’ला पिकअप हवा की नुसता आवाज?

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईचा निरोप घेतला. खासगी पद्मिनी मात्र अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत अजूनही कव्हरखाली उभ्या दिसतात. वडिलांची किंवा आजोबांची ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्या तरुणांना ती नुसती चालू झालेली पुरत नाही, ती ‘पळायला’ हवी असते. ही हौस रास्तच आहे. पण त्यासाठीचा पैसा अनेकदा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आणि कायदाही शहाण्या बदलाला सोपी वाट देत नाही.

‘मसल कार’चे सूत्र इथे का चालत नाही?

अमेरिकेत १९६४ मध्ये पॉन्टियाक जीटीओ आली. मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन, हे तिचे सूत्र. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास आणि गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. ब्लॉक बोअर करून ताकद वाढेल, ही समजूत गणितावर टिकत नाही. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर असतो. व्यास एक मिलिमीटरने वाढवला तर इंजिन ११२२ सीसीचे होते, म्हणजे वाढ केवळ ३ टक्के. चालकाला ती जाणवणारही नाही. आरसीवरील नोंद मात्र चुकीची ठरेल.

शहरात ‘पळणे’ म्हणजे नेमके काय?

एस. व्ही. रोड किंवा एल. बी. एस. मार्गावर टॉप स्पीडला काही अर्थ नाही. सिग्नल सुटल्यावर गाडी झटकन उचलली पाहिजे आणि पुढच्या कोंडीत तापता कामा नये. त्यासाठी १५०० ते ३५०० आरपीएमच्या पट्ट्यात टॉर्क हवा. रेसिंगच्या कॅमशाफ्टमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, पण खाली आयडलिंग अडखळते आणि पिकअप मरतो. गरजेपेक्षा रुंद सायलेन्सरचेही तसेच. वायूंचा वेग मंदावतो, आवाज वाढतो, खालचा जोर वाढत नाही.

पैसा आधी कुठे घालावा?

पहिला खर्च कॉम्प्रेशन तपासण्यावर. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर वरून काहीही लावले तरी व्यर्थ. हेड उतरवलेच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० मध्ये बंद झाले. त्यातले शिसे जुन्या इंजिनांच्या सीटची झीज रोखत असे.

दुसरा खर्च इग्निशनचा. डेल्कोतले पॉइंट झिजतात, टायमिंग सरकते आणि गाडी मिसिंग करू लागते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले की हा त्रास संपतो.

तिसरा इंधनाचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे ई-२० साठी हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. कार्बोरेटरचे जेट जुनेच ठेवले तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिकअपला अडखळते. जेट एखादा आकार मोठा करावा लागतो. रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रामही इथेनॉल सोसणारे हवेत.

चौथा थंडाव्याचा. मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे कोंडीत, जेव्हा वाऱ्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच तो सर्वांत हळू असतो. साफ केलेला रेडिएटर आणि थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा हा उपाय आहे. मात्र जुन्या डायनॅमोला हा भार पेलत नाही, त्यासाठी आधी अल्टरनेटर लागतो.

आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत ते खरे तर यादीत सर्वांत वर हवेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्यामुळे प्रीमियर ११८ एनईचे ११७१ सीसी इंजिन परस्पर पद्मिनीत बसवणे धोक्याचे. २०२१ चे व्हिंटेज नियमही कामी येत नाहीत. ते ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी आहेत आणि त्यात नियमित वापराला मुभा नाही. १९८५ च्या पद्मिनीला त्यासाठी २०३५ पर्यंत थांबावे लागेल.

मग मार्ग कोणता?

सीएनजी किंवा बॅटरीचे किट बसवायला कायदा अटींसह परवानगी देतो. मग चांगले ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अल्टरनेटर अशा ठरावीक बदलांची यादी करून, आरटीओत तपासणी घेऊन त्यांची आरसीवर नोंद करायला काय हरकत आहे? आज कर्कश सायलेन्सर लावणारा आणि ब्रेक सुधारणारा, दोघांच्याही मनात एकच धास्ती असते. त्यातून कामे चोरून होतात आणि चोरून झालेले काम कोणी तपासत नाही.

कार्बोरेटर कानाने लावणारे मिस्त्री आता निवृत्तीला आले आहेत. पुढच्या पिढीने हे कौशल्य शिकावे, असे वाटत असेल तर त्या कामाला कायदेशीर जागा हवी. आणि मालकांनीही एक पथ्य पाळावे : आधी थांबणारी, मग न तापणारी आणि त्यानंतरच पळणारी गाडी.